अंगात येऊ द्या

फुकट म्हटलं की माझे कान टवकारतात. सुरतेत संसार केलेल्या बाईचं दुसरं काय होणार? इथं कुणी बोलावून चहा पाजला तरी आधी त्याच्या तोंडाकडे बघायचं, मग कपाकडे. तेव्हा तुम्हीही माझ्यावर लगेच भरवसा टाकू नका. मी डॉक्टर नाही, कुठल्या ग्रुपची माणूस नाही, हे सांगण्याचं मला कुणी काही देत नाही. माझं नाव कल्पना. डिंडोलीत राहते, माहेर-सासर दोन्ही अमळनेरच्या बाजूचं. मी बोलते आहे आणि माझी मुलगी कोमल मोबाइलवर टाइप करते आहे. ती गुजराती शाळेतली, म्हणून मराठीत काही चुकलंमाकलं तर ते तिचं. रागानं काही आलं असेल तर ते माझं.

ज्यांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि तरी अंग आपलं राहत नाही, त्यांच्यासाठी सांगते. मी अजून पूर्ण बरी नाही. बाथरूमची कडी लावते, पण हात कडीवरच ठेवते. गेल्या साली एवढंही जमत नव्हतं.

शटर

मी शिलाईच्या एका खात्यात कामाला होते. आमच्याकडे कारखान्याला खातं म्हणतात. वरच्या मजल्यावर आम्ही बायका साड्यांना लेस लावायचो. खाली जिन्याच्या तोंडाशी लोखंडी शटर. बायांच्या पिशव्यांमधून साड्या बाहेर जातात असा शेठला संशय, म्हणून जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते शटर बाहेरून बंद. संशय तेव्हा त्यालाच होता, आम्हाला नव्हता.

एक दिवस बाजूच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांना आग लागली. जाळ आमच्यापर्यंत आलाच नाही. धूर आला. आम्ही सगळ्या जिन्यानं खाली धावलो आणि शटरपाशी अडकलो. मी सगळ्यांत पुढे. पुढून पत्र्याला तोंड टेकलेलं आणि मागून सगळ्या बायांचा भार. ओरडायला छाती फुगेना. मग बाहेरून कुणीतरी कुलूप तोडलं आणि आम्ही धान्याचं पोतं फाटावं तशा रस्त्यावर सांडलो. कुणी भाजलं नाही, कुणी मेलं नाही. म्हणून पेपरातही आलं नाही.

मी घरी आले, अंघोळ केली, भाकरी टाकल्या. शेजारणी म्हणाल्या, नशीब चांगलं. मलाही तसंच वाटलं.

बाहेरचं

पुढच्या महिन्यात जबडा आवळायला लागला. सकाळी उठले की दात एकमेकांवर असे बसलेले, की चहाचा घोट आत जाईना. मग हात. साडी हातात घेतली की बोटं वाकडी व्हायची. मग दारं. दार बंद झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं. बाथरूमला जाताना दार उघडं ठेवायचे आणि कोमल बाहेर पाठ करून उभी राहायची. वयात आलेली पोर, आईसाठी अशी पहारा देते. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

डॉक्टर केले, रक्त तपासलं, छातीची ईसीजीची पट्टी काढली. सगळं नॉर्मल. प्रत्येक नॉर्मलला आमच्या घरात एक संशय वाढायचा. कोमलच्या पप्पांना वाटलं, कामाला जायचं नाही म्हणून ही सोंग करते. ते स्वतः लिंबायतला लूमवर बारा-बारा तास उभे राहतात, त्यांचंही मला समजतं. पण समजलं म्हणून लागत नाही असं थोडंच आहे?

सासूबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी निकाल लावला होता. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हाई बाहेरनं शे."

बाहेरचं म्हणजे भूतबाधा. त्यावर त्यांचा इलाज ठरलेला. मला गावी न्यायचं, तिथला भगत बघेल, बरं वाटेपर्यंत मी तिथंच राहायचं. आणि बरं वाटलं हे ठरवणार कोण? तेही भगतच. आमच्या गल्लीतली एक बाई अशीच "थोडे दिवस" म्हणून गावी गेली. तिचा नवरा आता दुसरीबरोबर राहतो, आणि ती अजून थोडेच दिवस तिकडे आहे. गावी जायचं म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तीच उभी राहायची. कोमलचं बोर्डाचं वर्ष. मी गेले की पोरगी चुलीला जुंपली जाणार, हे मला अंगणाइतकं स्वच्छ दिसत होतं.

निदानाचा दिवस

शेवटी सरकारी दवाखान्यात गेलो. लाईन, केसपेपर, परत लाईन. आत एक तरुण डॉक्टरीण बसली होती. तिनं फायलीतले रिपोर्ट उघडलेच नाहीत. विचारलं, "हे सुरू होण्याआधी काय झालं होतं?"

इतक्या डॉक्टरांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी कोमलच्या पप्पांकडे बघितलं. ते पंख्याकडे बघत होते. मी शटरचं सांगितलं. सांगता सांगता जबडा आवळला आणि शेवटचे शब्द दातांतूनच आले.

ती म्हणाली, "तुम्ही बाहेर आलात. तुमचं शरीर अजून शटरपाशीच उभं आहे. याला आजार म्हणतात आणि याला औषध आहे."

मला रडू आलं, ते आनंदानं. सोंग नाही, बाहेरचं नाही, आजार आहे. बाहेर येऊन रिक्षात बसलो तर पप्पा हळूच म्हणाले, "म्हंजे मेंटलच ना?" झालं. माझा आनंद वाटेतल्या उधन्यापर्यंतसुद्धा टिकला नाही.

गोळ्या सुरू झाल्या. झोप लागायला लागली, हे खरं. पण दार तिथंच होतं. डॉक्टरीण म्हणाली, वेळ लागेल. सासूबाई म्हणाल्या, श्रावणात कानबाई होऊ दे, मग गाडीत बसवू. कानबाई म्हणजे आमची खानदेशातली देवी, श्रावणात घरी बसवतात. दोघींच्या वेळेत माझी ओढाताण.

स्पॉन्सर

अशात शोभाताई आल्या. शोभाताई आमच्या सोसायटीत बायकांचं मंडळ चालवतात. कुणाचं रेशन अडलं, कुणाला नवऱ्यानं मारलं, की ह्यांच्या चपला दारात. त्या म्हणाल्या, "कल्पना, एक कार्यक्रम आहे. अंगात अडकून बसलेली भीती अंगातूनच बाहेर काढतात. व्यायामासारखं असतं. तुला काही द्यायचं नाही. स्पॉन्सर आहे."

"कोण स्पॉन्सर?"

"ते नाही माहीत. चांगली माणसं आहेत म्हणे."

"चांगल्या माणसांना नाव नसतं का?"

शोभाताई हसल्या. मी नाही हसले. मला वाटलं, हा आमचा शेठच असणार. बायांना गादीवर झोपवायचं, चार फोटो काढायचे, आणि मग म्हणायचं, बघा, आम्ही किती करतो. उद्या कुणी शटरचं विचारलं तर हाच फोटो पुढे. पण गावाची गाडी एका बाजूला, ही गादी दुसऱ्या बाजूला. गेले.

वेसूकडे मोठा हॉल. आत एसी, पडदे, स्टेजवर हे एवढं बॅनर. माइक घेतलेले एक सर. खाली मॅटवर पन्नासेक माणसं, बाया-पुरुष सरमिसळ. मला चांगल्या पंजाबी ड्रेसमधल्या बायकांमध्ये झोपवलं. मी साडीत. गुडघे वर करून झोपायचं होतं, साडी सावरू की भीती बाहेर काढू?

मग ढोलाचं म्युझिक लावलं आणि कुणीतरी दारं बंद केली. सर म्हणाले, "ऊर्जा बाहर नहीं जानी चाहिए."

ऊर्जेचं मला माहीत नाही, पण माझा श्वास गेला. मी उठून बसले. एका पोरीनं मागून खांदे धरले, "होने दो दीदी, होने दो." मी तिला झटकलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "दार उघडा! दार उघडा!"

आणि काय झालं माहितीये? लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर माइकवर म्हणाले, "रिलीज! देखिए, रिलीज!" आणि मोबाइल धरलेला एक जण माझ्या तोंडासमोर आला.

मी मरत होते आणि ते टाळ्या वाजवत होते. अजूनही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. दाराशी एक मध्यमवयीन गुजराती बाई उभी होती, त्यांच्यातलीच मदतनीस. तिनं सरांकडे बघितलंही नाही, सरळ दार उघडलं. मी अनवाणी बाहेर पळाले आणि पायऱ्यांवर बसले. ती माझ्या चपला घेऊन आली, त्या खाली ठेवल्या आणि दोन पायऱ्या सोडून बसली. तिचं नाव हेतलबेन, हे मला नंतर कळलं.

बालवाडीची खोली

शोभाताईंना मी जे नाही ते बोलले. त्या ऐकत राहिल्या. मग पदर खोचून म्हणाल्या, "चूक माझी. विचारल्याशिवाय नेलं. आता विचारून आणते."

आणि खरंच विचारलं. स्पॉन्सर कोण ते शोधून काढलं. आमचा शेठ नव्हता, टाइल्सचं दुकान असलेलं एक कुटुंब होतं, त्यांच्या आईच्या नावानं करत होतं. शोभाताई त्यांच्या दुकानात जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, करायचं तर आमच्या डिंडोलीत करा, फक्त बायकांसाठी, फोटो नाही, व्हिडिओ नाही, आणि हॉलवाले सर नकोत, दार उघडणाऱ्या त्या बेन पाहिजेत. मालक म्हणे गोंधळला. फोटो नाही तर मग झालं हे कळणार कसं? शोभाताई म्हणाल्या, "बायांना झोप लागली की मी तुम्हाला फोन करीन."

मी दवाखान्यातल्या डॉक्टरणीलाही विचारून आले. ती म्हणाली, करून बघा, पण गोळ्या माझ्याशी बोलल्याशिवाय सोडायच्या नाहीत, ओळखीचं माणूस बरोबर पाहिजे, आणि मनात येईल तेव्हा थांबता आलं पाहिजे. थांबू देत नसतील तर उठून यायचं. मला हे पटलं. थांबू न देणाऱ्यांचा अनुभव मला पुरेसा आला होता.

दुपारी बालवाडी सुटली की ती खोली आमची. दार सताड उघडं, दारात शोभाताई भाजी निवडत बसलेल्या. आम्ही चार-पाच जणी, सगळ्या सलवार नाहीतर गाऊनमध्ये. पहिल्या दिवशी स्पॉन्सरकडचा एक माणूस "बस, जोवा आव्यो छुं" म्हणत बघायला आला. शोभाताईंनी त्याला पाणी दिलं, मेथीची जुडी हातात दिली आणि ओट्यावर बसवून निवडायला लावली. तो परत आला नाही.

हेतलबेन हळू बोलायच्या. भिंतीला पाठ लावून, गुडघे वाकवून उभं राहायचं, मांड्या थकेपर्यंत. मग खाली झोपून पाय दुमडायचे. पाय आपोआप थरथरतात. थरथरू द्यायचं. नको वाटलं की पाय लांब करायचे, थांबतं. एवढंच. मला वाटलं, यासाठी कुणाला कशाला स्पॉन्सर लागतो? पहिल्या वेळी काहीच झालं नाही. मी सारखी दाराकडे बघत होते. त्या म्हणाल्या, "जोई लो, बेन. जेटली वार जोवुं होय एटली वार." बघायची मुभा होती म्हणून असेल, पुढच्या वेळी मी कमी बघितलं.

एक शब्द

आता खरी भानगड.

हेतलबेनला मराठीचा भारी सोस. त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींकडून शब्द उचलायच्या आणि आमच्यावर वापरायच्या. त्या दिवशी माझे पाय दुमडलेले, गुडघे नुकते थरथरायला लागलेले. हेतलबेन आनंदानं म्हणाल्या, "सरस! अंगात येऊ द्या, बेन! अंगात येऊ द्या, रोकू नका!"

त्यांना म्हणायचं होतं, अंगाला जे होतंय ते होऊ द्या. पण आमच्या बायांना अंगात येणं एकच माहीत. आणि त्याच वेळी माझी थरथर मांड्यांतून वर पोटात आली, पाठीत आली, जबडा खडखड वाजायला लागला, आणि घशातून असा काही आवाज निघाला की मीच दचकले. बाजूच्या मॅटवर आमच्या गल्लीतल्या सिंधूबाई होत्या. त्या ताडकन उठल्या.

"आई कानबाई! वनी व माय, वनी!"

वनी म्हणजे आली. आणि माझ्या पायावर डोकं. दुसरीनं बालवाडीच्या देव्हाऱ्यातलं कुंकू आणून माझ्या कपाळावर थापलं. हेतलबेन घाबरल्या, "शुं थयुं? कोण आव्युं?" शोभाताई मेथी टाकून धावत आल्या. मी पाय लांब केले. थरथर थांबली. नाकात कुंकू गेलं होतं, शिंका यायला लागल्या. सिंधूबाई म्हणाल्या, देवी शिंकते.

शोभाताईंनी हेतलबेनला बाजूला नेऊन त्या शब्दाचा अर्थ सांगितला. त्या डोक्याला हात लावून बसल्या. पण तोवर सिंधूबाई गल्लीत पोचल्या होत्या.

देवी

घरी आले तर सासूबाईंनी माझ्या पायावर पाणी घातलं. माझ्या! ज्या बाईनं मला कधी "बस" म्हटलं नाही, तिनं पाट मांडला, चहा करून आणला. पप्पांचा आवाज खाली आला. सोंगही गेलं, मेंटलही गेलं. कोमल तेवढी म्हणाली, "मम्मी, आ बधुं शुं चाले छे?" हे काय चाललंय, असं तिनं एकटीनं विचारलं.

खोटं कशाला बोलू, मला आवडलं. आजारी होते तेव्हा घरात कुणी वळून बघत नव्हतं. देवी झाले तर जेवण आयतं. दुसऱ्या दिवशी एक शेजारीण नारळ घेऊन आली, पोराचं लग्न कधी जमेल विचारायला. मी म्हटलं, मला काय माहीत. ती म्हणाली, बरोबर, आत्ता तू कल्पना आहेस, नंतर येते.

आणि मग मलाच माझा संशय यायला लागला. खरंच देवी असेल तर? ती थरथर मी आणली नव्हती. ती आपोआप आली होती. मी जाऊन हेतलबेनला विचारलं. त्यांनी सांभाळून उत्तर दिलं, "मने खबर नथी, बेन. तमारी माताजीनुं हुं शुं कहुं? पण मला सांगा, तेव्हा तुम्हाला बीक वाटत होती?"

बीक म्हणजे भीती. वाटत होती.

घरी आले तर नवी बातमी. सासूबाई पप्पांना सांगत होत्या, आता भगत नको. कानबाई उठली की हिला गावी नेऊ, तिथल्या घरात ठाणं मांडू, देवी गावाची आहे, गावातच बसली पाहिजे. पप्पांनी मान हलवली आणि भुसावळच्या गाडीचं तिकीट काढायचं ठरलं. म्हणजे आजारी म्हणून गावी पाठवत होते, आता देवी म्हणून. माणूस म्हणून सुरतेत ठेवायला कुणी तयार नव्हतं. मला हसू की रडू कळेना. त्या रात्री कोमलनं मला विचारलं की तिनं शाळा सोडायची का.

दार

श्रावणातल्या त्या रविवारी आमच्या घरी कानबाई बसली. नारळाला मुखवटा, नथ, साडी, पुढे रोटांचा नैवेद्य. दर साली आमच्याकडे दहा-पंधरा बाया यायच्या. या साली सिंधूबाईंनी लिंबायतपर्यंत बोलावणं धाडलं होतं. आमची खोली केवढी? बाया दाटीवाटीनं बसल्या, उरलेल्या दारात उभ्या राहिल्या. मला कानबाईच्या बाजूला पाटावर बसवलं. गाणी सुरू झाली. आणि मग सासूबाईंनी निखाऱ्यावर धूप टाकला, मूठभर.

धूर.

दाराकडे बघितलं तर दार दिसेना. नुसत्या बाया. पाठीमागून, बाजूनं, सगळीकडून बाया. माझे गुडघे वाजायला लागले. पाय लांब करायला जागा नव्हती. थरथर पोटातून छातीत, छातीतून जबड्यात. श्वास वर येऊन अडकला. मी हात पुढे केला, कुणीतरी धरेल म्हणून. त्या हातावर सिंधूबाईंनी नारळ ठेवला.

"वनी! वनी!"

सगळ्या बायांनी हात जोडले. मी तडफडत होते आणि समोर सगळे डोळे मिटलेले. मदतीला कोण येणार? देवीला कोण मदत करतं? गाणं आणखी चढलं, टाळ्या आणखी जोरात. त्या हॉलमधल्या टाळ्या आणि ह्या टाळ्यांत मला तिळाचा फरक वाटेना. वेसूला निदान अनोळखी माणसं होती. ही माझी माणसं होती, माझ्या घरात, आणि मी मेले असते तरी त्यांनी माझी ओटी भरली असती.

सासूबाई पुढे झाल्या. गाणं थांबलं. अंगात आलेलीला विचारतात तसं त्यांनी हात जोडून विचारलं, "कोन शे तू, माय?"

सगळ्यांना एकच उत्तर पाहिजे होतं. ते दिलं असतं तर जन्मभर पाटावर बसले असते, गावच्या त्या घरात. जबडा आवळलेला होता. दात उचकटून शब्द काढावे लागले, एकेक.

"मी तुमनी सून शे. कल्पना. माले भ्याव वाटस. दार सोडा."

कुणी हललं नाही. सिंधूबाई म्हणाल्या, "देवी परीक्षा लेस."

मी परत म्हटलं. आता मी रडत होते, नाक गळत होतं, नारळ गडगडत गेला होता. "देवी नही शे. मी भियेल शे. दार सोडा, माय."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. काय दिसलं त्यांना, देव जाणे. मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. एकदम वळल्या आणि दारातल्या बायांवर खेकसल्या.

"सरका व बायाहोन! दार सोडा! वारा येऊ द्या!"

बाया सरकल्या. धुपाची वाटी त्यांनी पदरानं उचलून बाहेर ओट्यावर नेली. हात पोळला असणार. दारातून हवा आली आणि समोरच्या रस्त्यावर उभी असलेली रिक्षा दिसली. मी त्या रिक्षाकडे बघत राहिले. पाय लांब केले.

बाया एकेक करून गेल्या. काही चिडून गेल्या, प्रश्न तसेच राहिले म्हणून. सिंधूबाई माझ्याशी अजून बोलत नाहीत. पप्पा मोबाइल हातात घेऊन कोपऱ्यात उभे होते. त्यांनी आईला विचारलं, "मंग तिकीट?"

"कसानं तिकीट?" सासूबाई म्हणाल्या. "भियेल मानूसले कोनी गावले धाडस का?"

भ्यालेल्या माणसाला गावी पाठवत नाहीत, हे मी ऐकलं, पण लगेच विश्वास ठेवला नाही. या घरात संध्याकाळचं बोलणं सकाळी बदलतं, हे मला पक्कं माहीत आहे. मी तशीच भिंतीला टेकून बसले होते, पाय अजून थोडे थोडे हलत होते. सासूबाई जवळ येऊन खाली बसल्या. माझ्या गुडघ्याकडे बघितलं. हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"हात लावू का तुले?"

लग्न होऊन आल्यापासून या बाईनं मला काही विचारलं नव्हतं, आणि मी तिला कशालाच नाही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "नको."

त्यांनी हात मागे घेतला, आणि तिथंच बसून राहिल्या.